लाल चिंध्यांच्या बाभळी

मंचर
१४ जानेवारी २०२५

आत्या,

आधी पाया पडते, मग तक्रार करते. तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू मला तुझी लेक मंगल समजलीस, तिच्या सासूची चौकशी केलीस आणि फोन ठेवलास. म्हणून आता पत्र. दुधाच्या गाडीवरचा जानकू रोज खोडदहून मंचरला येतो. तो म्हणाला, झुंबरआत्याला कानापेक्षा डोळ्यांनी बरं कळतं, दे चिठ्ठी. सोबत तिळगूळ पाठवते आहे. त्यानं वाटेत खाल्ला तर मला कळव.

बातमी अशी की मला काम लागलं. पुण्यातल्या एका आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसात. निरगुडसरच्या बाहेर ओढ्याकाठी मोठी जमीन आहे, तिथं बंगल्यांची वसाहत व्हायची आहे. जमिनीचे मालक बाळासाहेब गावातलेच, तेच बिल्डरचे भागीदार. बांधकामाआधी तिथल्या एकूण एक झाडाची पाहणी करावी लागते, ती माझ्याकडे आली आहे. झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा, घेर मोजायचा, खोड पोकळ आहे का, कीड लागली आहे का ते बघायचं, जागा नकाशावर टिपायची आणि शेवटी आपलं मत लिहायचं: ठेवावं, दुसरीकडे हलवावं की काढावं. झाडाचा डॉक्टर म्हण हवं तर, फक्त औषध देत नाही.

थोडे आंबे आहेत, एक जुनी चिंच आहे, बांधावर कडुलिंब आहेत. बाकी ओढ्याला लागून नुसतं बाभळीचं बन. माझे दोन ड्रेस फाटले त्यात. मोलाचं असं तिथं काही नाही आणि नकाशातला मोठा रस्ता नेमका त्यांच्यातूनच जातो, त्यामुळे तेवढं काम लवकर उरकेल. बाबा म्हणतात, धनगराची पोर शिकून शिकून शेवटी झाडाखालीच आली.

तुझी,
ऋतिका


खोडद
१९ जानेवारी

ऋतू,

तिळगूळ पोचला, अर्धा. जानक्या म्हनतो गाडी लई उसळती.

फोनचं म्हनशील तर इथं आभाळातलं ऐकायला दुर्बिणीच्या एवढाल्या छत्र्या उभ्या केल्यात, अन मला भिंतीपल्याडचं ऐकू येत न्हाई. तवा चिठ्ठीच बरी. मी चौथी शिकल्याली हाय, पानं भरून लिव्हते. काम लागलं ते लई ग्वाड झालं. तुज्या बापाला म्हनावं पेढे एकट्यानं खाऊ नगं.

आता रागावते. बाळासाहेबाच्या ओढ्याकाठच्या बाभळी मोलाच्या न्हाईत व्हय? अगं, त्याच बाभळीखाली दरसाल उन्हाळ्यात आपली मेंढरं असत्यात. तुजे मामा, माजे मालक, व्हते तवापासनं. चैतात समदं रान करपतं, उसाच्या बांधाला कोनी उभं करत न्हाई. तवा त्या बाभळीच्या शेंगा खाऊन आपली मेंढरं जगत्यात. माजा दादाभाऊ आकडीनं फांद्या हालिवतो अन शेंगांचा सडा पडतो. तू शाळंत व्हतीस, तुला कुनी सांगितलं नसंल.

मामाच्या मागं दादाभाऊनं कळप धरला खरा, पन त्याचं मन लागंना. चाकणच्या कंपनीत त्याच्या दोस्तानं त्याचं नाव घातलंय. बाभळी गेल्या का त्याला निमित्तच गावलं. मेंढरं इकील अन निघून जाईल. लेकाला मी अडवत न्हाई, पन कळप मोडला तर मी काय करू दिसभर? त्या छत्र्या मोजू?

तवा एक कर. कागदावर बाभळ लिव्हू नगंस. वड लिव्ह. वडाला कोनी हात लावत न्हाई.

अन उसाच्या कडंनं एकटी फिरू नगंस. तिकडं बिबट्याची मादी पिल्लं घिऊन हिंडती म्हनत्यात.

आत्या


मंचर
२५ जानेवारी

आत्या,

दोन पत्रं लिहून फाडली, हे तिसरं. मला खरंच माहीत नव्हतं गं. गेल्या आठवड्यात दादा साइटवर आला होता, मोटारसायकलवर. बाभळींखाली उभा राहिला, वर बघितलं, मला "जेवलीस का" विचारलं आणि गेला. मला वाटलं सहज आला. तुझं पत्र वाचल्यावर कळलं आणि इतकी शरम वाटली की दुसऱ्या दिवशी बाभळींकडे बघवेना.

पण बाभळीला वड कसा लिहू? मॅडम स्वतः पाहणीला येणार आहेत. त्या वडाला काटे बघून काय म्हणतील? आणि एकदा खोटं लिहिलं की माझ्या खऱ्या चिंचेवरसुद्धा कुणी विश्वास ठेवणार नाही. मी खरंच लिहीन. पण वरवर बघून लिहिणार नाही, आता नीट बघेन. एवढा शब्द देते.

अजून एक सांगते, मग तू रागावशीलच. मॅडमनी सांगितलंय, रस्त्यात किंवा इमारतीत येणाऱ्या झाडांना लाल पट्टी बांध, बाकीच्यांना पांढरी, म्हणजे पाहणीच्या दिवशी लांबून कळेल. प्लास्टिकची फीत जनावरांच्या पोटात जाते, म्हणून मी मंचरच्या दुकानातून सुती कापड घेतलं आणि पट्ट्या फाडल्या. बहुतेक बाभळींना लाल गेली. बांधताना हात जड झाला होता. पण बांधल्या.

तुझी,
ऋतिका


खोडद
२ फेब्रुवारी

ऋतिका,

लिव्हायला काय न्हाई. तुजं काम तू कर. शिकल्याल्या मानसानं खरंच लिव्हावं.

मी निरगुडसरला बारशाला चाललेय. नणंदेच्या नातीचं हाय.

झुंबरबाई


मंचर
२० फेब्रुवारी

आत्या,

नाव लिहून सही केलीस तेव्हाच ओळखलं की स्वारी जाम चिडली आहे. चिड. पण साइटवर काय झालंय ते वाच, आणि तुला आधीच माहीत असेल तर माहीत नसल्यासारखं वाच.

मी पंधरा दिवस पुण्यात कागद करत बसले होते. परवा येऊन बघते तर सगळं बन चिंध्यांनी भरलेलं. माझ्या लाल पट्ट्यांच्या शेजारी हिरव्या, पिवळ्या, जरीच्या काठाच्या, कुणाच्या शर्टाची बाही, एक तर बाळाचं झबलं. ज्या बाभळी रस्त्याच्या बाहेर होत्या त्यांनाही लाल. कुठली जाणार आणि कुठली राहणार, मलाच ओळखू येईना. पांढऱ्या पट्टीच्या आंब्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघितलेलं नाही.

बांधावरून खुरपायला चाललेल्या बायांना विचारलं. त्यातली एक म्हणाली, "ताई, हितं नवी चिंधीआई बसलीया. लाल चिंधी दिसली, मग तसंच मोकळ्या हातानं फुडं कसं जायचं?" मी कपाळाला हात लावला. वाटेवरच्या झाडाला चिंधी दिसली की आपल्या पदराची एक बांधून पुढं जायचं, हे मी लहानपणी आईबरोबर कितीदा केलंय. आणि स्वतः झाडाझाडाला लाल कापड बांधत हिंडताना एकदाही डोक्यात आलं नाही. पुण्यातल्या कुणी केलं असतं तर ठीक, मी धनगराची पोर. काल कामगार झुडपं साफ करायला गेला, तर एका म्हातारीनं त्याचा कोयताच काढून घेतला.

एक मार्चला मॅडम येणार आहेत. पाहणीचा पार बाजार उठलाय. नोकरी राहते का बघायची.

आणि हो. ओढ्याकडच्या सगळ्यात मोठ्या बाभळीला पोपटी लुगड्याची किनार बांधली आहे, रुईफुलाच्या काठाची. बाबांनी दिवाळीत तुला घेतलं होतं तसंच. बारसं कसं झालं?

तुझी,
ऋतिका


खोडद
२४ फेब्रुवारी

ऋतू,

बारसं झ्याक झालं. पोरगी हाय, नाकीडोळी बापावर गेलीय, पन त्याला इलाज न्हाई.

व्हय, बांधली. तू मला खरं लिव्हायचं शिकिवलंस, तर आता खरंच लिव्हते. लाल म्हंजी जानारी, हे मला तुज्या चिठ्ठीनं ठावं व्हतं. तरी तिलाच बांधली. जी जानार हाय तिलाच मागावं लागतं, राहनारीला काय मागायचं? लुगड्याची किनार फाडली अन म्हनले, बाई, तू बी ऱ्हा अन माज्या लेकाचं मन बी ऱ्हाऊ दे. येवढंच. त्यात काय कपट न्हाई.

मी एकच बांधली, बिरोबाची आन. बाकीच्या बायांला मी बोलावलं न्हाई. हापशावर पानी भरताना फकस्त येवढंच म्हनले का, ओढ्याकडच्या बाभळीला बांधून आले बाई, आता मन हलकं झालं. हापशावर लई बाया व्हत्या, तो काय माजा गुन्हा न्हाई.

तुज्या नोकरीला धक्का लागत आसंल तर निरोप धाड. मी येऊन माजी सोडून घेते. बाकीच्यांच्या सोडायला मी जानार न्हाई, त्या मला हानतील.

तुजी आत्या


मंचर
८ मार्च

आत्या,

काही सोडू नकोस. आधी सगळं ऐक.

एक तारखेला मॅडम आल्या. बाळासाहेब कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून हजर. चिंध्या बघून मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जे झालं ते सांगून टाकलं, पट्ट्या मीच बांधल्या, चूक माझी. बाळासाहेब म्हणाले, "हा सगळा अडाणीपणा आहे मॅडम, दोन दिवसांत साफ करून देतो." आणि समोरच्या बाभळीची एक जांभळी चिंधी ओढायला त्यांनी हात घातला. तर बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या बायांतून आवाज आला, "बाळ्या, माजा गुडघा आत्ता कुठं वाकाय लागलाय. लाव हात, मग बघते तुझ्याकडं." त्यांच्या आई, चिमाबाई. ती जांभळी चिंधी त्यांच्याच लुगड्याची. बाळासाहेबांनी हात खिशात घातला तो पाहणी संपेपर्यंत बाहेर काढला नाही.

मॅडमना हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, चिंध्यांवर मी नकाशा बदलू शकत नाही, ऋतिका, तुझं म्हणणं काय आहे ते सांग. मग मी माझी पानं दिली. त्यात मी बाभळींना बाभळीच लिहिलंय. साधी झाडं, पण सगळी निरोगी. त्यांच्या मुळांनी ओढ्याचा काठ धरून ठेवलाय, त्या काढल्या तर पावसाळ्यात काठ ढासळून पाणी थेट खालच्या बंगल्यांत येईल. ठेवाव्यात. मॅडम काठानं चालत गेल्या, उघडी पडलेली मुळं बघितली आणि तिथंच नकाशावर पेन्सिलनं रस्ता वर सरकवला. बन राहिलं, आत्या. मी तिथंच नाचले असते, पण पायात काटा होता.

आता पुढचं लिहायला जीवावर येतंय. बनाला जाळीचं कुंपण होणार आहे. आत बाग, फिरायची वाट, बाकडी. मी दादाच्या मेंढरांचं काढलं तर बाळासाहेब म्हणाले, जनावरं चालणार नाहीत, लेंड्या पडतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं. मॅडम म्हणाल्या, आत कोणी यावं हे मालकानं ठरवायचं, त्यात मी पडू शकत नाही. मी दोनदा बोलले. उपयोग झाला नाही. तुला सगळा आनंद पाठवायचा होता, अर्धाच हाती लागला.

तुझी,
ऋतिका


खोडद
१३ मार्च

ऋतू,

तू झाडं राखलीस. बापाला सांग, पोरीनं नाव काढलं. चिमाबाईचं वाचून लई हसले, जानक्यानं बी दोनदा वाचून घेतलं. तो आपल्या चिठ्ठ्या वाचतो, तुला म्हाईत असावं म्हनून लिव्हते.

पन जाळीपल्याडच्या शेंगा काय कामाच्या? दादाभाऊला चाकणचं बोलावनं आलंय. मे महिन्याच्या पयल्या शनिवारी हजर व्हा म्हनून. मला म्हनला, आई, मेंढरं कुठं चारू ते तू सांग, न्हाई जात. मला सांगता आलं न्हाई. त्याला तरी कुठवर उन्हात फिरवू? त्याच्या वयाची पोरं पंख्याखाली काम करत्यात. मी आडवी जायची न्हाई.

सांजचं कोकरं आयांला हाका मारत मेंढरांच्या वाड्यात शिरत्यात, तवा मात्र मला रडू येतं. लिव्हलं बघ. आता खोडत न्हाई. तू वाईट वाटून घिऊ नगंस, तुजी काय चूक न्हाई.

आत्या


मंचर
२२ एप्रिल

आत्या,

महिनाभर तुला लिहायला तोंड नव्हतं. आज आहे.

प्लॉट बघायला पुण्याहून गाड्या येतात. लोक सावली बघून गाड्या बाभळींखालीच लावतात. ऊन मी म्हणतंय आणि शेंगांचा असा पाऊस पडतोय की फिरायची वाट दिसत नाही. वरून काटेरी वाळक्या फांद्या गळतात. गेल्या रविवारी एका गिऱ्हाइकाच्या गाडीची दोन चाकं एकदम बसली. ते साहेब प्लॉट न बघताच पंक्चरवाला शोधत मंचरला गेले, ते परत आले नाहीत. झाडलोट करायला लावलेले मजूर काट्यात हात घालत नाहीत. वॉचमन कुंडलिक सकाळी झाडतो, दुपारी पुन्हा तेवढंच. शिवाय इमारतींसाठी तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी रोपं लावायची आहेत आणि ती जमीन तर नुसता मुरूम.

बाळासाहेब माझ्यावर उखडले. तूच ठेवायला लावल्यास, आता तूच उपाय सांग. मी म्हटलं, उपाय आहे, पण तो माझ्याकडे नाही, माझ्या आत्याकडे आहे. शेंगा खाणारी, खत टाकणारी आणि पगार न मागणारी माणसं नाहीत, मेंढरं आहेत. दादा वाळके काटेही गोळा करून नेईल. त्यांनी चपलेत रुतलेला काटा उपटला. मग म्हणाले, बोलव त्यांना. मी म्हटलं, मी कशी बोलवू? 'नको' तुम्ही म्हणालात, 'या' पण तुम्हीच म्हणा. आणि फोन करू नका, पत्र लिहा.

लिहिलंय. सोबत जोडलंय. हसू नकोस, त्यांनी दोनदा कच्चं लिहून मग पक्कं केलंय.

तुझी,
ऋतिका


निरगुडसर
२१ एप्रिल २०२५

श्रीमती झुंबरबाई यांस,

विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या नियोजित वसाहतीतील बाभूळबनात शेंगांचा खच पडला असून गिऱ्हाइकांची गैरसोय होत आहे. तरी आपण आपली मेंढरे पंधरा दिवसांकरिता आणल्यास आमची हरकत राहणार नाही. शेंगा फुकट आहेत, त्याबद्दल आपणाकडून काहीही आकारले जाणार नाही. मेंढरांनी लेंड्या शक्यतो नव्या रोपांच्या बाजूस टाकाव्यात, ही विनंती.

आईने आपणास नमस्कार सांगितला आहे.

आपला,
बाळासाहेब


खोडद
४ मे

ऋतू,

बाळासाहेबाची चिठ्ठी दादाभाऊला वाचून दावली. लेंड्यांच्या वळीला तो हसला. लई दिसांनी हसला.

मी लगोलग जबाब धाडला. लिव्हलं का, शेंगा फुकट आसतील, लेंड्या फुकट न्हाईत. शेतात मेंढरं बसवली का शेतकरी धनगराला धान्य देतो, जेवन देतो, ही रीत हाय. शेताचे बंगले झाले म्हनून रीत बदलत न्हाई. जितके दिस मेंढरं बसतील तितके दिस बाजरी द्यायची अन सांजचं भाकरीसंगं खायला कोरड्यास. अन जाळीला दार ठिवायचं, ते दरसाल चैतात उघडायचं, तसं कागदावर लिव्हून सही करून द्यायचं. लेंड्या कुठं टाकायच्या ते मेंढरांला मी सांगून बघते, कबूल करत न्हाई. चार दिसांत जानक्याच्या हाती सहीचा कागद आला. चिमाबाईनं बाजरी सोता निवडून ठिवलीय म्हनं.

पन दादाभाऊनं कागद बघितला, घडी घातली, मला परत दिला. काल शनिवार. सकाळीच त्यानं धुतल्याली कापडं घातली अन म्हनला, चाकणला जाऊन येतो. मी भाकरी बांधून दिली. पाठमोरा गेला तवा वाटलं, झालं आपलं. मेंढरं मीच सोडली, बांधाबांधानं हिंडले. ऋतू, आडवी जायची न्हाई म्हनून लिव्हलं व्हतं तुला, पन काल दिसभर मी मनातनं आडवीच पडले व्हते.

दिस बुडताना दारात टेम्पो थांबला. दादाभाऊ उतरला अन मागची फळी पाडली. शनिवारी चाकणला शेळ्यामेंढरांचा बाजार भरतो, हे मी पार इसरले व्हते. आतनं एडका उतरला, मेंढ्यांसाठी नवा नर. काळ्या तोंडाचा, तरना, अजून पुरा भरल्याला बी न्हाई, पन मानंचा असा काय ताठ का बघत ऱ्हावं. मी म्हनले, अन कंपनी? तर म्हनला, "आई, आधी ह्याला धर, न्हाईतर दोरी सुटायची."

मंगळवारी आमी निरगुडसरला निघतोय. मी बी चालत येनार हाय, गुडघे काय म्हनतील ते म्हनू देत.

कळप मोडायला निघाल्याला मानूस एडका आनत न्हाई, पोरी. मी त्याला पानी पाजलं, कपाळाला हळद लावली अन मग आत जाऊन लेकासाठी चूल पेटिवली.

तुजी आत्या